पदवी आणि मैदान दोन्ही सांभाळायचंय? सुरुवात जूनमध्येच करा

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी विद्यापीठाच्या मैदानी संघात होते. ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत हा माझा प्रकार. अखिल भारतीय स्पर्धेला संघ निघाला त्याच आठवड्यात परीक्षेचे दोन पेपर आले. सरांना तोंडी सांगितलं होतं. "जा तू, बघू आपण," असं तेही म्हणाले होते. परत येऊन निकाल पाहिला तर दोन विषयांपुढे 'गैरहजर'. सरांची तोवर बदली झाली होती आणि माझ्या हातात कागदाचा एक चिटोराही नव्हता. ते दोन पेपर सुटायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. त्या वर्षी सराव निम्म्यावर आला आणि तो हंगाम हातचा गेला तो गेलाच.

आता चौदा वर्षं मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात क्रीडा संचालक आहे. दर जूनमध्ये बारावी झालेली पोरं शालेय राज्य स्पर्धेची पदकं घेऊन येतात. सोबतचे आईवडील एकच विचारतात, "मॅडम, आता खेळ करायचा की शिक्षण?" दोन्ही करता येतं. मैदानावर दमून खेळ सोडलेली मुलं मी फार कमी पाहिली. तारखांच्या आणि कागदांच्या गुंत्यात अडकून सोडलेली मात्र पुष्कळ पाहिली. त्यातली बरीचशी वाचवता आली असती. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: महाविद्यालय निवडण्याआधी

'क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळेल का' एवढंच विचारून थांबू नका. प्रवेशाचं काम एका दिवसाचं असतं, राहायचं तीन-चार वर्षं. एक दिवस काढून महाविद्यालयात जा, थेट जिमखान्यात शिरा आणि तिथे सराव करणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. गेल्या वर्षी इथून विद्यापीठाच्या संघात किती जण गेले? प्रवासभत्ता हातात कधी पडतो, स्पर्धेआधी की सहा महिन्यांनी? परीक्षा बुडाली तर महाविद्यालय पाठीशी उभं राहतं का? माहितीपत्रकात हे कधी छापलेलं नसतं, पण मुलं पाच मिनिटांत सगळं सांगून टाकतात.

मग तुमचा प्रशिक्षक, मैदान आणि राहायची जागा यांतलं अंतर मोजा, तेही किलोमीटरमध्ये नको, मिनिटांत मोजा. पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात सराव आणि कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर रोजचे दोन-अडीच तास बसमध्ये जातात. तेवढीच तुमची झोप किंवा तेवढाच अभ्यास गेला म्हणून समजा. नाव मोठं नसलेलं पण मैदानाजवळचं कॉलेज खेळाडूला जास्त मानवतं, असं माझं ठाम मत आहे.

वर्गाची वेळही पाहा. शहरांतल्या बऱ्याच महाविद्यालयांत कला आणि वाणिज्यचे वर्ग सकाळी सातला भरतात. तुमचा मुख्य सराव पहाटेचा असेल तर दुपारचं सत्र मागा. पोहणारे आणि धावणारे इथे हमखास फसतात.

विषय कोणता घ्यावा? 'खेळायचंय ना, मग काहीतरी सोपं घे' हा सल्ला ऐकू नका. आवड नसलेला विषय खेळाडूच्या डोक्यात कधीच बसत नाही, कारण त्याच्याकडे रेटून घोकायला वेळच नसतो. मनू भाकरने दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयातून राज्यशास्त्र केलं आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदकं घेतली. विज्ञान आणि अभियांत्रिकीला प्रात्यक्षिकं जास्त, त्यामुळे बुडलेला दिवस भरून काढणं कठीण जातं. पण वाट बंद नाही. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या आहेत. त्यासाठी जेईई अॅडव्हान्स्डच्या यादीत नाव मात्र लागतं.

मुक्त विद्यापीठाबद्दल दरवर्षी विचारणा होते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरीसाठी चालते आणि राष्ट्रीय शिबिरात महिनोन्‌महिने राहणाऱ्याला ती सोयीची आहे. पण अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांची पात्रता पूर्णवेळ नियमित विद्यार्थ्यांसाठी आखलेली आहे. विद्यापीठाकडून खेळायचं असेल तर दूरशिक्षणाला प्रवेश घेण्याआधी क्रीडा विभागात जाऊन विचारा. प्रवेश झाल्यावर हे कळलेली मुलं माझ्यासमोर बसून रडली आहेत.

दुसरी पायरी: नावातली गडबड आधी मिटवा

ही पायरी किरकोळ वाटते, पण सगळ्यात जास्त मुलं इथेच अडखळतात. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत. त्यात कुठे 'राव' लागलेलं, कुठे गळलेलं. वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. विद्यापीठाचा पात्रता अर्ज भरताना यातलं काही जुळलं नाही की अर्ज बाजूला पडतो. जिमखान्याला हे कळतं तेव्हा संघाची यादी निघून गेलेली असते.

प्रवेश झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार आणि बँकेचं पासबुक एका टेबलावर शेजारी शेजारी मांडा. एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. फरक दिसला तर दहावीची गुणपत्रिका आधार धरून बाकीचे कागद दुरुस्त करून घ्या. दुसऱ्या मंडळातून किंवा दुसऱ्या राज्यातून आला असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणा. पासपोर्ट लगेच काढा. 'निवड झाली की काढू' म्हणाल तर तेव्हा दिवस उरत नाहीत.

२०२५ च्या जुलैमध्ये जर्मनीत ऱ्हाइन-रूर इथे जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या. बॅडमिंटनच्या मिश्र सांघिक गटात भारताला कांस्य मिळालं. पण संघातल्या बारा खेळाडूंपैकी सहा जण तिथे पोहोचूनही खेळू शकले नाहीत, कारण स्पर्धेच्या अधिकृत यादीत त्यांची नावंच नव्हती. ती बातमी मी आमच्या जिमखान्याच्या फळ्यावर लावली आहे. यादीत आपलं नाव आहे का, हे आपल्या डोळ्यांनी पाहायची सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्या.

तिसरी पायरी: भिंतीवर एकच कालनिर्णय

आधी शिडी समजून घ्या. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाची निवड चाचणी आणि सराव शिबिर. सांघिक खेळांत त्यानंतर पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा असते आणि त्यातले पहिले चार संघ अखिल भारतीयला जातात. मैदानी स्पर्धांसारख्या वैयक्तिक प्रकारांत थेट अखिल भारतीय. या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे सगळे ज्याला एआययू म्हणतात ती संस्था घेते. तिथल्या कामगिरीवर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचा रस्ता खुला होतो. ही स्पर्धा २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्यांदा झाली. सगळ्यात वर दर दोन वर्षांनी येणाऱ्या जागतिक विद्यापीठ स्पर्धा. चेंगडूला २०२३ मध्ये भारताने तिथे २६ पदकं आणली. राज्यातल्या विद्यापीठांची 'अश्वमेध' स्पर्धा वेगळी. आणि तुमच्या खेळाच्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धा यांच्या बाजूने चालूच असतात.

विद्यापीठ स्पर्धा म्हणजे दुय्यम, असं समजू नका. नीरज चोप्राने भाला पहिल्यांदा ८० मीटरच्या पलीकडे टाकला तो २०१५ च्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतच. ८१.०४ मीटर.

आता एक कालनिर्णय घ्या आणि खोलीच्या भिंतीवर लावा. हिरव्या पेनने स्पर्धा, निवड चाचण्या आणि शिबिरं लिहा. लाल पेनने अंतर्गत चाचण्या, प्रकल्प, प्रात्यक्षिकं आणि सत्र परीक्षा. नक्की तारखा जूनमध्ये मिळत नाहीत, पण गेल्या दोन वर्षांच्या तारखा मिळतात आणि त्या फारशा हलत नाहीत. पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबर ते डिसेंबर, विभागीय आणि अखिल भारतीय स्पर्धांचा मोसमही साधारण तोच. नोव्हेंबरचं पान लाल-हिरव्याने भरून जाईल. ते जूनमध्ये दिसलं पाहिजे, म्हणजे त्या महिन्याचा अभ्यास ऑगस्टमध्ये काढता येतो. गणपतीच्या सुट्टीत माझ्या मुली पहिल्या सत्राचा निम्मा अभ्यासक्रम उरकतात. घरी पाहुणे असतात, आरत्या असतात, तरी उरकतात.

भिंतीवर दहा-बारा हिरव्या खुणा झाल्या तर त्यातल्या दोन किंवा तीन प्रशिक्षकांसोबत बसून निवडा. जीव ओतायचा तो त्यांतच. बाकीच्या सराव म्हणून खेळा किंवा सोडा. नवखी मुलं प्रत्येक निमंत्रित स्पर्धेला धावतात, रोख बक्षिसाच्या कबड्डीला आणि प्रत्येक गावच्या मॅरेथॉनला जातात. डिसेंबरात गुडघा धरून बसतात आणि पुस्तकही कोरंच राहिलेलं असतं.

चौथी पायरी: अर्ज आणि त्यावरचा शिक्का

हा लेख मी मुळात या पायरीसाठी लिहायला घेतला.

हजेरीचा नियम बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांचा आहे. विद्यापीठाकडून किंवा राज्याकडून खेळायला गेलेले दिवस कर्तव्य रजेत, म्हणजे हजेरीतच, धरण्याची तरतूद असते, सत्र परीक्षेशी तारखा आपटल्या तर खेळाडूंची फेरपरीक्षा घेण्याची तरतूदही अनेक विद्यापीठांत आहे, आणि ग्रेस गुण तर बहुतेक सगळीकडे आहेत. पण यातलं काहीही आपणहून तुमच्याकडे चालत येत नाही. प्रत्येकासाठी अर्ज लागतो आणि तो स्पर्धेच्या आधी लागतो. तुमच्या विद्यापीठाचा त्याबद्दलचा अध्यादेश किंवा परिपत्रक जिमखान्यातून मागून घ्या, त्याची झेरॉक्स जवळ ठेवा आणि त्याचा क्रमांक अर्जात लिहा.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, क्रीडा संचालकांमार्फत. मजकूर साधा ठेवा:

"मी प्रथम वर्ष वाणिज्य वर्गात शिकत असून महाविद्यालयाच्या जुदो संघात आहे. यंदाच्या संभाव्य स्पर्धांच्या तारखा सोबत जोडल्या आहेत. या काळातील तासिका कर्तव्य रजेत धराव्यात, अंतर्गत चाचणी व प्रात्यक्षिकासाठी पर्यायी तारीख मिळावी आणि सत्र परीक्षा व स्पर्धा एकाच वेळी आल्यास विद्यापीठाच्या नियमानुसार माझे नाव फेरपरीक्षेसाठी पाठवावे, ही विनंती."

दोन प्रती काढा. जूनमध्येच कार्यालयाच्या आवक खिडकीवर द्या. एक प्रत ते ठेवतात. दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घालून परत घ्यायची. शिक्का मारणाऱ्या बाई जेवायला गेल्या असतील तर थांबा, 'उद्या येतो' म्हणू नका. तो आवक क्रमांक तुमच्या हक्काचा आहे. त्या प्रतीचा मोबाईलवर फोटो काढून स्वतःला आणि घरच्यांना पाठवून ठेवा.

मग प्रत्येक विषयाच्या सरांना, मॅडमना जाऊन भेटा. पहिल्या महिन्यातच, हातात तारखांचा कागद घेऊन. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दारात उभ्या राहिलेल्या मुलाला कोणीही पटकन हो म्हणत नाही. जुलैत येऊन 'मॅडम, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी नसेन, प्रात्यक्षिक आधी करून देऊ का' असं विचारणाऱ्या मुलीला नाही म्हणणारे शिक्षक मी पाहिलेले नाहीत. शिक्षक माणूसच असतात. आपली अडचण वेळेत सांगितली की त्यांनाही बरं वाटतं.

परत आल्यावर तीन दिवसांच्या आत सहभाग प्रमाणपत्राची प्रत आणि संघ व्यवस्थापकांचं पत्र कार्यालयात द्या. आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक त्यावर लिहा, म्हणजे दोन्ही कागद एकमेकांना जोडले जातात.

पाचवी पायरी: रोजचा दिवस

पहाटे साडेपाच ते आठ सराव, दुपारपर्यंत वर्ग, जेवणानंतर अर्धा तास झोप, मग दीड तास अभ्यास, संध्याकाळी पुन्हा मैदान, दहाला अंथरूण. एवढं जमलं तर पुरे. रात्री अकरानंतरचा अभ्यास खेळाडूने विसरावा. दुसऱ्या दिवशीचा सरावही जातो आणि वाचलेलंही राहत नाही. परीक्षेच्या आठवड्यात सराव बंद करू नका, फक्त कमी करा. मैदानावर रोज जा, पण चाळीस मिनिटांत परत या.

स्पर्धेच्या प्रवासात जाडजूड पुस्तकं नेऊ नका. प्रत्येक विषयाच्या दोन पानांच्या हाती काढलेल्या टिपणी न्या. रेल्वेच्या स्लीपर डब्यात वरच्या बर्थवर त्याच वाचल्या जातात.

खाण्याबद्दल वसतिगृहातल्या मुलांची मला मनापासून काळजी वाटते. सराव आठला संपतो आणि मेसचा नाश्ता नऊला लागतो. तो मधला तास रिकाम्या पोटी जाऊ देऊ नका. भिजवलेले हरभरे, केळी, उकडलेली दोन अंडी किंवा गूळ-शेंगदाणे पिशवीत ठेवा. मुलींनो, पाळी दोन-तीन महिने आली नाही तर 'बरं झालं, कटकट गेली' असं म्हणू नका. बऱ्याचदा खाणं सरावाला पुरत नसल्याची ती खूण असते आणि त्याने हाडं ठिसूळ होतात. डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासून घ्या.

आणि औषधं. वसतिगृहात एकाला खोकला झाला की सगळा मजला एकाच बाटलीतून घोट घेतो. खोकल्याच्या कित्येक साध्या औषधांत टर्ब्युटालिन असतं आणि ते बंदी घातलेल्या पदार्थांच्या यादीत आहे. उत्तेजक चाचणीत सापडलात तर 'मला माहीत नव्हतं' हे चालत नाही. डॉक्टरांना आधी सांगा की मी खेळाडू आहे, बाटलीवरचे घटक वाचा, शंका आली तर राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था नाडाकडे विचारा. व्यायामशाळेतल्या मित्राने दिलेली, नाव नसलेल्या डब्यातली पावडर घेऊच नका.

सहावी पायरी: पैसे

खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, किरकोळ खर्चासाठी थेट खेळाडूला मिळतात. बाकीचे प्रशिक्षण, निवास, आहार यांवर खर्च होतात. त्याच्या वरची पायरी टॉप्स योजनेची, म्हणजे ऑलिंपिक पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठीच्या केंद्राच्या योजनेची. तिथे विकास गटाला महिना २५ हजार आणि मुख्य गटाला ५० हजार भत्ता आहे. तिथवर पोहोचणारे मोजके. बाकीच्यांनी जिमखान्याचा प्रवासभत्ता, दैनिक भत्ता आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या सोडू नयेत. तिकिटं जपा. तिकीट हरवलं की बिल अडकतं.

सातवी पायरी: दुखापत झाली किंवा विषय राहिला तर

घाबरून कोणताही अर्ज लिहू नका, विशेषतः प्रवेश रद्द करण्याचा तर नाहीच. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका आणि पुढे पदवी अशी सोय आहे. मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या ऑनलाइन खात्यात सात वर्षं टिकतात. लांबचं शिबिर आलं किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तर एक वर्ष थांबून परत येता येतं. पण वयाचं भान ठेवा. विद्यापीठ स्पर्धा पंचविशीपर्यंतच खेळता येतात. पदवीनंतर पदव्युत्तरला प्रवेश घेतला तर ती दोन वर्षं विद्यापीठ संघासाठी पुन्हा मिळतात. माझ्या अनुभवात मुलींची सर्वोत्तम कामगिरी याच दोन वर्षांत झाली आहे.

पदवी का सोडू नये, हे घरच्यांना पटवायचं तर साताऱ्याच्या ललिता बाबरचं उदाहरण द्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली आणि पुढे राज्य शासनाने तिला उपजिल्हाधिकारी केलं. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबतही त्याच पदावर. गट अ च्या पदाला पदवी लागते. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं तेव्हा तो रेल्वेत नोकरीला होता आणि त्याची सुरुवात शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून झाली होती.

आठवी पायरी: प्रमाणपत्रं आणि पडताळणी

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कोणती स्पर्धा कोणत्या गटाच्या पदासाठी धरतात, हे क्रीडा विभागाच्या शासन निर्णयात दिलेलं आहे. तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मिळवून वाचा. पण प्रमाणपत्र नुसतं असून भागत नाही, त्याची विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून पडताळणी व्हावी लागते. जाहिरात निघाली की अर्जाला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, आणि पडताळणीला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. त्यामुळे तिसऱ्या वर्षात असतानाच प्रस्ताव द्या. सोबत स्पर्धेचा अधिकृत निकाल, संघाची यादी आणि प्रवेशिकेची प्रत जोडा. या प्रती स्पर्धेनंतर महिनाभरात सहज मिळतात. पाच वर्षांनी संघटनेचे पदाधिकारी बदललेले असतात आणि दप्तर सापडत नाही.

प्रत्येक प्रमाणपत्र घरी आलं की त्याच दिवशी स्कॅन करा. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, कारण पडताळणीत काही वेळा मागच्या बाजूला शिक्का मारावा लागतो. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्यांची फाईल वीस-तीस रुपयांना मिळते. सगळ्यात पुढच्या पिशवीत जूनमधल्या त्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत ठेवा.